साप हातात धरण्याचा हिशेब

सप्टेंबर २००१ मध्ये उत्तर ब्रह्मदेशातील काचिन प्रांताच्या अरण्यात एक शास्त्रीय मोहीम चालू होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेचे सर्पशास्त्रज्ञ जो स्लोविन्स्की हे तिचे प्रमुख. वय ३८. ब्रह्मदेशातील सापांचा इतका कसून अभ्यास केलेली माणसे त्या काळी जगात फार थोडी असतील. त्या देशातील थुंकणाऱ्या नागाची एक स्वतंत्र जाती त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने २००० सालीच शास्त्रज्ञांपुढे मांडली होती. ११ सप्टेंबरच्या सकाळी, पकडून आणलेल्या सापाच्या पिशवीत त्यांनी हात घातला. पिशवीत बिनविषारी साप आहे अशी समजूत होती. हात बाहेर आला तेव्हा मण्यारीच्या जातीचा एक किरकोळ अंगाचा साप बोटाला डसलेला होता. दंशाची खूण धड दिसतही नव्हती. काही तासांत पापण्या जड झाल्या, वाचा गेली आणि मग श्वास थांबला. सहकाऱ्यांनी पाळीपाळीने तोंडाने श्वास देऊन त्यांना एक दिवसाहून अधिक काळ जगविले. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर पोहोचू शकले नाही. १२ सप्टेंबरला त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये जे घडले त्याच्या गदारोळात ही वार्ता फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही.

जी चूक या विद्वानाच्या हातून झाली, ती महाराष्ट्रातील कोणत्याही गावी पावसाळ्यातल्या कोणत्याही रात्री होऊ शकते. आपल्याकडे घराच्या भिंतीवर पाली शोधत फिरणारा कवड्या हा साप आणि अत्यंत विषारी अशी मण्यार यांच्यात असेच साम्य आहे. दोघांच्याही अंगावर पांढुरके आडवे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे नेमके उलट, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे स्पष्ट. पुस्तकातल्या चित्रात हा भेद शाळकरी मुलालाही कळतो. परंतु अडगळीच्या खोलीत, विजेरीच्या उजेडात, मागे घरची माणसे ओरडत असताना, वेटोळे करून बसलेल्या सापाची मान कोणती आणि शेपटी कोणती हेच आधी कळत नाही. घोणस आणि दुरक्या घोणस यांची जोडीही अशीच. पहिला प्राणघातक, दुसरा पूर्णतः निरुपद्रवी. दुरक्या समजून उचललेल्या घोणसाने बोटे झडल्याच्या, प्रसंगी प्राण गेल्याच्या हकिकती सापांत वावरणाऱ्या मंडळींना ऐकून ठाऊक असतात.

स्लोविन्स्की हे काही अपवाद नव्हते. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात कार्ल श्मिट या नामांकित सर्पशास्त्रज्ञाकडे आफ्रिकेतील ‘बूमस्लँग’ जातीचा एक लहान साप ओळख पटविण्यासाठी आला. श्मिट तेव्हा ६७ वर्षांचे होते. आयुष्य सापांतच गेलेले. साप हातात घेताच त्याने अंगठ्याला चावा घेतला. एकच दात, आणि तोही जेमतेम तीन मिलिमीटर रुतला होता. साप लहान, दात जबड्याच्या मागील भागातले, तेव्हा विशेष काही होणार नाही असा त्यांचा कयास. शास्त्रज्ञाच्या शिस्तीने त्यांनी स्वतःची लक्षणे वेळ घालून टिपून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. त्यांचे टिपण आजही सर्पविषाच्या अभ्यासात उद्धृत केले जाते. पण त्यातून विद्येपेक्षा विद्येच्या भरवशावर टाकलेल्या हाताचीच हकीकत अधिक कळते.

वस्तुतः या दोन्ही प्रसंगी ज्ञानाची उणीव नव्हती. उणीव होती ती एका साध्या अंतराची. सापाचे तोंड आणि माणसाचे बोट यांच्यामध्ये हातभर काठी असती, तर ओळखण्यातली चूक ही केवळ ओळखण्यातली चूक राहिली असती.

एका प्रयोगाचा उलटा अर्थ

महाराष्ट्रात सर्पमित्रांची परंपरा गेल्या साडेचार दशकांत फोफावली, आणि ती मुळात एक चांगली चळवळ आहे हे प्रथमच सांगितले पाहिजे. साप दिसला की काठी उचलायची, या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीला या तरुणांनी खीळ घातली. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांच्या सहवासात काचेच्या खोलीत ७२ तास काढले. साप विनाकारण चावत नाही, त्याला डिवचले नाही तर तो आपल्या वाटेने जातो, हे लोकांच्या डोळ्यांपुढे सिद्ध करणे हा त्यामागील हेतू. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले आणि शाळांच्या सहलींतून लाखो मुलांनी नाग व घोणस काचेपलीकडून पाहिले.

परंतु समाज एखाद्या प्रयोगातून काय शिकतो, हे प्रयोग करणाऱ्याच्या हाती नसते. त्या ७२ तासांचा खरा धडा असा की, साप जवळ असला तरी त्याला डिवचू नये, आणि मग तोही वाट्याला जात नाही. अनेकांनी घेतलेला धडा मात्र नेमका उलटा: सापाशी सलगी करता येते. आज गावोगावी एखादा तरुण सुटका केलेल्या नागाची शेपटी धरून त्याला रस्त्यावर नाचवतो, फण्याला हात लावतो, गळ्यात घालून छायाचित्र काढून घेतो. ते चलच्चित्र सायंकाळपर्यंत शेकडो मोबाइलांवर पोहोचते. शेपटी धरून उलटा टांगलेला साप हा डिवचलेला साप असतो, एवढी साधी गोष्ट या उत्साहात विसरली जाते. साप ओळख ठेवतो, प्रेम जाणतो, पकडणाऱ्याचे उपकार स्मरतो, असेही काहीजण सांगतात. त्याच्या मेंदूत असल्या भावनांना थारा असल्याचा कसलाही पुरावा नाही. गारुड्याच्या पुंगीवर तो डोलतो असे दिसते तेव्हाही तो सुरांवर डोलत नसून पुंगीच्या हालचालीकडे सावधपणे पाहत असतो.

मानेमागे घट्ट धरला की साप निरुपद्रवी झाला, ही समजूत तर त्याहून अधिक घातक. सापाच्या खालच्या जबड्याची दोन हाडे पुढे एकमेकांना जखडलेली नसतात, डोके लवचीक असते आणि अंगात पीळ असतो. घोणसाचे विषदंत लांब व दुमडणारे; सुमारे दीड सेंटिमीटरपर्यंत वाढतात. अशा लांब दातांचा साप वेळप्रसंगी स्वतःच्याच खालच्या जबड्यातून दात आरपार काढून धरणाऱ्याच्या बोटात रुतवू शकतो. शिवाय धरणे एक आणि सोडणे दुसरे. पकडीतला साप पिशवीत टाकताना बोटे कधीतरी उघडावीच लागतात, आणि त्या क्षणी मोकळी मान आणि मोकळी बोटे एकाच जागी असतात. ३१ जानेवारी २०२२ रोजी केरळमधील कोट्टयम जिल्ह्यात वावा सुरेश या देशभर प्रसिद्ध असलेल्या सर्पमित्राला नागाने मांडीला दंश केला, तो सापाला पोत्यात घालतानाच. हजारो साप पकडलेला हा माणूस कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या आधाराने व प्रतिविषाच्या भरपूर मात्रेने वाचला. रुग्णालय जवळ होते, म्हणून.

हजारात एक

अनुभवी मंडळींचा यावर एक ठरीव युक्तिवाद असतो: “इतकी वर्षे धरतो आहे, काही झाले नाही.” हा युक्तिवाद अंकगणिताच्या कसोटीला लावून पाहण्याजोगा आहे. समजा, कौशल्य इतके उत्तम आहे की हजार वेळा साप हातात धरला तर सरासरी एकदाच दंश होईल. हा आकडा केवळ हिशेबापुरता. प्रत्यक्षात तो बरा असेल किंवा वाईट असेल. हजारात एक म्हणजे नगण्यच वाटते. परंतु असा साप पाचशे वेळा धरणाऱ्या माणसाला त्या अवधीत निदान एकदा दंश होण्याची शक्यता ३९ टक्के भरते. हजार वेळा धरणाऱ्याची ६३ टक्के. एका खेपेची जोखीम आणि आयुष्यभराची जोखीम या दोन भिन्न वस्तू आहेत. आणि प्रत्येक निर्विघ्न खेपेनंतर माणसाचा आत्मविश्वास वाढत असला तरी पुढल्या खेपेची जोखीम तसूभरही कमी होत नाही. किंबहुना सैलपणामुळे ती वाढतेच.

शिवाय हा युक्तिवाद करायला जो उरतो, तो वाचलेलाच असतो. अमेरिकेतील मायामीचे बिल हास्ट यांचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. विष काढण्यासाठी त्यांनी आयुष्यभर साप हाताने धरले, १७० हून अधिक दंश सोसले आणि २०११ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी वार्धक्याने गेले. त्यांनी १९४८ पासून स्वतःच्या शरीरात सर्पविषाच्या सूक्ष्म मात्रा टोचून घेतल्या होत्या, हे सांगितले जाते. त्यांचे हात दंशांनी किती विद्रूप झाले होते, हे सांगितले जात नाही. एक हास्ट शंभरी गाठतो तेव्हा त्याच वाटेने गेलेले बाकीचे कोठे आहेत, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या शंभरीला पुराव्याचे मोल येत नाही. आणि दंश होऊन शरीर विषाला सरावते, ही जी समजूत आपल्याकडच्या सर्पमित्रांतही आढळते, तिचा परिणाम पुष्कळदा उलटाच होतो. वारंवार विषाच्या संपर्कात आलेल्या काहींच्या शरीरात विषाविरुद्ध तीव्र ॲलर्जी उत्पन्न होते, आणि पुढल्या दंशात विष चढण्याआधी ती प्रतिक्रियाच प्राणावर बेतते.

या भ्रमाला सापही एका परीने हातभार लावतो. प्रत्येक दंशात तो विष सोडतोच असे नाही; पुष्कळ दंश कोरडे जातात. कोरड्या दंशाने मांत्रिकाला यश मिळते, झाडपाल्याला गुण येतो आणि सर्पमित्राला आपण विष पचविल्याचे समाधान लाभते. तिघांचाही नावलौकिक एकाच भांडवलावर उभा असतो.

आता असे म्हणता येईल की ज्याचा जीव त्याची जोखीम. प्रौढ माणूस डोंगरकडे चढतो, मोटारींच्या शर्यती लावतो, तसाच साप धरतो. त्यात इतरांनी का पडावे? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर पहिल्या वर्षीच शिकवलेले असते. लाभ एकाचा आणि खर्च अनेकांचा अशी जेथे विभागणी होते, तेथे वैयक्तिक निवडीचा हा युक्तिवाद लंगडा पडतो.

आपल्या देशात सर्पदंशावर एकच खरे औषध आहे, ते म्हणजे घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेले प्रतिविष. मुंबईत परळच्या हाफकिनचे नाव याच कामामुळे मराठी घराघरांत पोहोचले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर ते चालते. घाटातल्या चापड्यावर किंवा नागराजावर ते बेतलेले नाही. या औषधाची ताकद कुपीवर अंकांत दिलेली असते. एक मिलिलिटर प्रतिविष घोणसाचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. कुपी दहा मिलिलिटरची, म्हणजे एका कुपीने ६ मिलिग्रॅम. पूर्ण वाढलेला घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष टोचतो. म्हणजे उपचाराची सुरुवातच दहा कुप्यांनी. पुढे रक्त गोठत नसेल तर आणखी. विषाने मूत्रपिंडे निकामी केली तर आठवडेच्या आठवडे डायलिसिस. मण्यारीची गोष्ट वेगळी आणि अधिक कठीण. तिचे विष मज्जातंतूंची टोके एकदा निकामी करून गेले की प्रतिविष दिल्यानेही ती लगेच पूर्ववत होत नाहीत. रोग्याला यंत्रावर श्वास देत दिवसेंदिवस वाट पाहावी लागते. ज्या तालुक्यात असे यंत्र एखादेच, तेथे ती खाट अडते.

हा खर्च कोणासाठी राखून ठेवलेला असतो? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली; वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतली. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे पेरणी-लावणीच्या हंगामातले. पावउणे वय झालेली नव्हे, तर तिशी ते सत्तरी या कर्त्या वयातली माणसे त्यांत निम्मी होती, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक मुले पंधरा वर्षांखालची. यांपैकी कोणी साप हातात धरायला गेले नव्हते. भातखाचरात वाकलेली बाई, गोठ्यात अनवाणी गेलेला गडी, जमिनीवर गोधडी टाकून झोपलेले पोर. ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात वीस कुप्या आहेत अशी कल्पना केली, तर गर्दीपुढे नाग नाचवताना दंश झालेला एक तरुण त्यांतल्या दहा-पंधरा एका रात्रीत संपवू शकतो. डॉक्टर त्याला नाही म्हणू शकत नाही आणि म्हणूही नये. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ती भातखाचरातली बाई आणली जाते तेव्हा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्यात जे दोन तास जातात, त्या दोन तासांची किंमत कोणाच्या नावे मांडायची?

जेथे हात हे अवजार आहे

विषारी साप हाताळण्याचे काम कोणी करूच नये, असा याचा अर्थ नाही. प्रतिविष बनवायचे तर विष लागते, आणि विष काढायचे तर साप धरावाच लागतो. तामिळनाडूतील इरुला जमात पिढ्यान्‌पिढ्या साप पकडून जगली. एके काळी कातड्याच्या व्यापारासाठी पकडत असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो धंदा बसला. तेव्हा रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये महाबलीपुरमजवळ इरुलांची सहकारी संस्था उभी राहिली. चार जातींचे साप पकडायचे, महिनाभर मातीच्या मडक्यांत ठेवायचे, आठवड्यातून एकदा असे सुमारे चार वेळा विष काढायचे आणि खुणेसाठी पोटाचा खवला किंचित कातरून पुन्हा रानात सोडायचे. देशातील प्रतिविषाच्या कारखान्यांना लागणाऱ्या विषाचा मोठा भाग वर्षानुवर्षे या संस्थेने पुरविला. तिचे दोन सभासद, वडिवेल गोपाल आणि मासी सडैयान, यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याआधी २०१७ मध्ये फ्लोरिडातील दलदलीत माजलेले अजगर पकडायला अमेरिकेने याच दोघांना बोलावले होते. ज्यांना आपण निरक्षर म्हणून ओळखतो त्यांच्या विद्येला परदेशातून बोलावणे येते, हेही जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

इरुलांच्या हातालाही दंश होतो. फरक इतकाच की तेथे जोखमीच्या बदल्यात समाजाच्या पदरात काही पडते: विष, त्यापासून औषध, आणि पकडणाऱ्याला मजुरी. नाग नाचवणाऱ्याच्या जोखमीतून काय उत्पन्न होते? चार घटकांची करमणूक. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांच्या मिरवणुकीसाठी प्रसिद्ध होती. २००२ पासून न्यायालयीन आदेशांमुळे ती मिरवणूक बंद पडली आणि प्रतिमेची पूजा होऊ लागली. २०२५ मध्ये केंद्र शासनाने शैक्षणिक कारणासाठी तेथे मर्यादित संख्येने नाग पकडण्यास परवानगी दिली. गावकऱ्यांच्या भावना खऱ्या आहेत आणि त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. तथापि शिक्षणासाठी म्हणून धरलेला नाग पाहून शाळकरी मुलगा नेमके काय शिकून घरी जातो, याची चौकशी परवानगी देणाऱ्यांनी करायला हवी होती.

या साऱ्या प्रकारात दोष एकट्या सर्पमित्राच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. तो बहुधा बेकार किंवा अर्धबेकार तरुण असतो. रात्री दोन वाजता कोणी बोलावले तर स्वतःच्या पेट्रोलने जातो. वनखाते त्याच्यावर विसंबते, अग्निशमन दलही विसंबते; पण वेतन कोणी देत नाही आणि विमाही नसतो. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने सर्पमित्रांना ओळखपत्र व अपघात विमा देण्याचा मनोदय जाहीर केला, ही स्वागतार्ह गोष्ट. तोवर त्याचा मोबदला एकच, टाळ्या. आणि टाळ्या कशाला पडतात? आकडीच्या काठीने साप उचलून दोन मिनिटांत पिशवीत घातला तर जमलेल्यांचा हिरमोड होतो. घरमालकालाही वाटते, एवढ्यासाठीच बोलावले होय! साप हातात घेतला, फणा उभारायला लावला, की मोबाइल बाहेर निघतात. ज्या बाजारात सावधपणाला भाव नाही आणि बेफिकिरीला आहे, तेथे बेफिकिरीचाच पुरवठा वाढणार. विम्याची योजना आखणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे. साप कसा धरला याची अट नसलेला विमा हा नाचवणाऱ्याला आणि काठी वापरणाऱ्याला एकाच दराने संरक्षण देईल. म्हणजे काठीवाल्याच्या हप्त्यातून नाचवणाऱ्याचा खर्च निघेल.

केरळच्या वनखात्याने २०२० मध्ये या बाबतीत एक वाट घालून दिली. साप पकडणाऱ्याने प्रशिक्षण घ्यावे, प्रमाणपत्र मिळवावे, ठरलेली साधने वापरावीत आणि सापाचे प्रदर्शन मांडू नये, असे नियम केले. तेथे शिकविली जाणारी रीत पाहिली तर तीत पराक्रमाला जागाच नाही. काळ्या कापडाची लांब पिशवी, तिच्या तोंडाशी बसवलेली प्लास्टिकच्या नळाची एक तुकडी आणि आकडीची काठी, एवढेच साहित्य. नळीचे तोंड सापाच्या पुढ्यात जमिनीलगत ठेवायचे आणि काठीने त्याला हलकेच त्या दिशेला वळवायचे. माणूस वावभर दूर उभा असतो. घाबरलेल्या सापाला बीळ हवे असते, अंधार हवा असतो. तो आपणहून नळीत शिरतो आणि पिशवीच्या तळाशी जाऊन वेटोळे करून बसतो. पिशवीचे तोंड पिळून बांधले की काम संपले. पाहणाऱ्यांना धड साप दिसतदेखील नाही.